एमआरआयमधले पांढरे डाग आणि पार्किन्सनचं विसरणं

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत कुणाचा एमआरआय झाला की संध्याकाळपर्यंत रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाइलवर येतो. बाबांना पार्किन्सन आहे, म्हणून नात्यात मी अर्धा डॉक्टर. परवाचा फोन : “काकांच्या मेंदूत व्हाइट मॅटर निघालं, पार्किन्सन पसरून राहिला का?”

अहो, व्हाइट मॅटर सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तारांचे ते जुडगे. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की त्यात बदल आहेत, ‘फझेकास ग्रेड १’. ही १९८७ सालची मोजपट्टी, ० ते ३. बीपी, शुगर, तंबाखू आणि वय यांनी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि तेवढा भाग फिल्मवर पांढरा चमकतो. म्हातारपणी ग्रेड १ म्हणजे डोक्यावरचे पांढरे केस समजा.

पार्किन्सन म्हणजे मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडून येणारा कंप आणि ताठरपणा, हे तुम्हाला पाठ असेल. फक्त एवढं धरा की साध्या एमआरआयमध्ये पार्किन्सन सहसा दिसतच नाही. डॉक्टर माणसाला चालवून, बोटं उघडझाप करायला लावून तो ओळखतात.

खरा घोळ विसरण्याचा. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या पेशींत साचतात, पुढे मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतात आणि विचार मंदावतो. डागांमध्ये तारा तुटक होतात आणि विचार मंदावतो. घरात दोन्ही सारखंच दिसतं. बाबांनी एका रविवारी पोहे भिजवले, तर्रीसाठी तेल तापवलं आणि झारा हातात धरून उभेच राहिले. मी नुसतं “कांदा” म्हटलं, पुढची तर्री बिनचूक. आठवण शाबूत होती, क्रम हरवला होता. एवढ्यावरून दोष कुणाचा, हे कुणीच सांगू शकत नाही. अंगणात नसलेली मुलं दिसणं, सकाळी लख्ख आणि दुपारी धुकं, असं असेल तर पार्किन्सनच्या गुठळ्यांकडे बोट जातं. हात चांगले पण पाय जमिनीला चिकटतात, लेव्होडोपानं (पार्किन्सनची मुख्य गोळी) फरक नाही, तर रक्तवाहिन्यांकडे.

आणि एकाच डोक्यात दोन्ही सुखाने नांदतात. पार्किन्सन असताना डाग जास्त असतील तर बुद्धी लवकर घसरण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘वयाचं आहे’ म्हणून रिपोर्ट कपाटात टाकणाऱ्यांवरही माझा राग आहे. गुठळ्या थांबवणारं औषध अजून नाही, बीपी मात्र हातात आहे. ‘मेंदूचं टॉनिक’ विकत आणणाऱ्यांनी आधी कंपासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का ते पाहावं आणि डॉक्टरांना विचारावं. म्हाताऱ्यांचं डोकं ती गोळीच गढूळ करते.

बीपीतही गोम आहे. पार्किन्सनमध्ये उभं राहिल्यावर ते धाडकन उतरू शकतं, त्यामुळे बसून घेतलेल्या एका आकड्यावर गोळी वाढवू नये. काकांकडे मी तेच मागितलं : एमआरआयचे फोटो पुरे, झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांनी, असे दोन आकडे लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.