रिवॉर्ड पॉइंटच्या पद्धतीतील फेरबदल : आमच्या खेळाडूंसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपण सर्वजण ज्या मजकुरावर चालणाऱ्या मराठी रोलप्लेइंग खेळात वावरता, त्यातील रिवॉर्ड पॉइंट देण्याच्या आणि खर्च होण्याच्या पद्धतीत येत्या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून फेरबदल होत आहेत. काय बदलते, का बदलते आणि आपल्या खात्यावर त्याचा काय परिणाम होईल, हे आपल्याला आधी कळावे म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे. नवे खेळाडू, बराच काळ लॉगिन न केलेले जुने खेळाडू आणि आपल्या मुलांच्या खात्यावर लक्ष ठेवणारे पालक, या तिघांनाही ते उपयोगी पडावे अशी अपेक्षा आहे.

सर्वांत आधी, ज्याविषयी सर्वाधिक विचारणा होते ते सांगतो. आपल्या खात्यात आज जितके पॉइंट शिल्लक आहेत, तितकेच नव्या हंगामात शिल्लक राहतील. त्यांची मुदत संपणार नाही, ते कमी दराने बदलून दिले जाणार नाहीत आणि विकत घेतलेली कोणतीही वस्तू परत घेतली जाणार नाही. फेरबदल फक्त पुढील कमाईला आणि पुढील खर्चाला लागू आहेत.

पहारा आणि प्रसंग

घाटातल्या चौकीवरचा पहारा हा आपल्या खेळातला सर्वांत सोपा क्वेस्ट, म्हणजे खेळाने नेमून दिलेले काम, आहे. ‘पहारा दे’ अशी आज्ञा लिहायची, सुमारे पाच मिनिटे थांबायचे, मध्ये एखादा वाटसरू आला तर त्याची झडती घ्यायची, आणि 12 पॉइंट खात्यात जमा होतात. नवीन खेळाडूला पहिली ढाल आणि पहिले घोंगडे मिळवता यावे, एवढ्यासाठीच हा क्वेस्ट आहे. प्रत्यक्षात मात्र तासाला 144 पॉइंट मिळवून देणारा तो खेळातला सर्वांत फायदेशीर उद्योग झाला आहे. एखाद्याने मॅक्रो (त्याच त्या आज्ञा आपोआप देत राहणारी सोय) लावून रात्रभर, म्हणजे आठ तास, आपले पात्र चौकीवर उभे केले, तर सकाळी त्याच्या खात्यात 1152 पॉइंट पडतात, आणि तेही एक शब्द न बोलता.

याउलट बाजारपेठेत वैदूची भूमिका घेऊन एखादी खेळाडू तासभर प्रसंग लिहिते. कोणी जखमी सैनिक येतो, कोणी उधारीवर औषध मागतो, एखादी म्हातारी नुसतीच गप्पा मारायला बसते, आणि त्या तासात तिथे असलेल्या सगळ्यांचा खेळ रंगतो. जुन्या पद्धतीत अशा प्रसंगाला सरसकट 20 पॉइंट होते. ज्या खेळाचे नावच भूमिका वठवण्यावरून पडले आहे, त्यात भूमिका वठवणाऱ्याला चौकीवर गप्प उभ्या असलेल्या पात्राच्या सातव्या हिश्श्याइतकेच पॉइंट मिळावेत, हे आम्हाला पटत नाही, आणि या फेरबदलाचे मूळ कारण तेच आहे.

नव्या पद्धतीत पहाऱ्याचे पहिले पाच फेरे रोज पूर्ण दराने, म्हणजे प्रत्येकी 12 पॉइंटने, मोजले जातील. पुढच्या पाच फेऱ्यांना प्रत्येकी 6 आणि त्यानंतरच्या प्रत्येक फेऱ्याला 3 पॉइंट मिळतील. म्हणजे तासभर पहारा देणाऱ्याला 144 ऐवजी 96 पॉइंट मिळतील आणि रात्रभर मॅक्रो लावणाऱ्याला 1152 ऐवजी 348. खेळाचा दिवस भारतीय वेळेनुसार पहाटे पाच वाजता बदलतो. परदेशातील खेळाडूंना आपला वेळ-विभाग सेटिंगमध्ये निवडता येईल, जेणेकरून त्यांचा दिवस ऐन संध्याकाळच्या बैठकीत मध्येच तुटणार नाही. मात्र ही निवड एका हंगामात एकदाच बदलता येईल.

प्रसंगाला आता 40 पॉइंट मूळ धरले आहेत. त्यासाठी प्रसंग किमान पाऊण तास चाललेला असावा आणि त्यात आपल्याखेरीज निदान एक खेळाडू असावा. प्रसंग संपल्यावर सहभागी खेळाडू एकमेकांना ‘दाद’ देऊ शकतात. प्रत्येक दादेचे 15 पॉइंट, आणि एका प्रसंगात जास्तीत जास्त तीन दादा मोजल्या जातील. म्हणजे एका चांगल्या प्रसंगाचे कमाल 85 पॉइंट होतात. एकाच खेळाडूने सात दिवसांच्या आत दुसऱ्यांदा दिलेली दाद 5 पॉइंटची धरली जाईल आणि तिसरी मोजली जाणार नाही. दोन मित्रांनी रोज एकमेकांची पाठ थोपटून पॉइंट वाढवत राहण्याला यामुळे आळा बसेल. रोज दोन प्रसंग पूर्ण दराने मोजले जातील. त्यापुढे आपण हवे तितके लिहू शकता, पण पॉइंट मिळणार नाहीत.

प्रसंगाचे पॉइंट तासभराच्या पहाऱ्यापेक्षा जास्त का ठेवले नाहीत, असे चाचणी-गटातील काही खेळाडूंनी विचारले. ते आम्ही जाणूनबुजून ठेवलेले नाहीत. लिहिण्यालाच सर्वाधिक पॉइंट मिळू लागले, तर ज्यांना लिहिण्यात रस नाही तेही पॉइंटसाठी लिहू लागतील, प्रसंग पाऊण तास भरेपर्यंत ताणले जातील आणि वाचणाऱ्याला कंटाळा येईल. लिहिणाऱ्याचे नुकसान होऊ नये, इतपतच पॉइंट असावेत. लिहिण्याची ओढ त्याची स्वतःची असावी. याबाबत आमचे मत पक्के आहे, आणि पुढेही हा दर पहाऱ्याच्या किंचित खालीच ठेवला जाईल.

विसावा

पहाऱ्याचा दर उतरता ठेवल्याने फक्त रविवारी खेळणाऱ्यांवर अन्याय होईल, ही शंका रास्त आहे. परीक्षा, शेतीची कामे, पाळीची नोकरी, गणपतीचे दिवस अशा कारणांनी आपल्याकडे बहुतेकांचा खेळण्याचा वेळ सारखा नसतो. म्हणूनच काही मोठ्या खेळांत असते तशी आठवड्याची कमाल मर्यादा आम्ही आणलेली नाही. त्याऐवजी ‘विसावा’ नावाची एक साठवण आणली आहे. आपण लॉगिन नसलेल्या प्रत्येक आठ तासांमागे या साठवणीत 20 पॉइंटची भर पडेल आणि ती जास्तीत जास्त 300 पर्यंत, म्हणजे पाच दिवसांत, भरेल. आपण परत आलात की साठवण संपेपर्यंत आपण कमावलेल्या प्रत्येक पॉइंटला जोडीला आणखी एक पॉइंट मिळेल. सहा दिवसांनी आलेल्या खेळाडूने रविवारी 300 पॉइंट कमावले, तर त्याच्या खात्यात 600 जमा होतील. रात्रभर चौकीवर उभ्या असलेल्या पात्राला मात्र विसावा मिळत नाही, कारण ते लॉगिनच असते.

ही कल्पना आमची नाही. 2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या बीटा (प्रकाशनापूर्वीच्या) चाचणीत, खूप वेळ सलग खेळणाऱ्याला मिळणारा अनुभव, म्हणजे पात्राची लेव्हल वाढवणारे गुण, कमी करण्याची व्यवस्था होती आणि ती खेळाडूंना मुळीच रुचली नाही. पुढे तीच गोष्ट खेळ बनवणाऱ्यांनी उलट बाजूने मांडली : नेहमीचा दर हाच मूळ दर, आणि विश्रांती घेऊन आलेल्याला राक्षस मारण्याचा अनुभव दुप्पट. त्या खेळात खानावळीत पात्र ठेवून लॉगआउट केले की दर आठ तासांना एका लेव्हलच्या 5 टक्के इतकी साठवण होते आणि ती दीड लेव्हलपर्यंत वाढते. आकड्यांचा हिशेब जवळजवळ तोच असूनही दंड आणि बक्षीस यांतला फरक खेळाडूच्या मनात किती मोठा असतो, हे त्यातून दिसले. आम्ही विसाव्याची रचना करताना हेच डोळ्यांसमोर ठेवले आहे.

गिल्डच्या मोहिमा आणि उचल

हा भाग गिल्डमध्ये, म्हणजे मिळून मोहिमांवर जाणाऱ्या खेळाडूंच्या संघात, असणाऱ्यांनी नीट वाचावा, कारण सर्वांत मोठा बदल येथे आहे.

मोहिमेत पंधरा-वीस जण जातात आणि हाती दोन-तीन वस्तू लागतात. त्या कोणाला द्यायच्या, हा ऑनलाइन रोलप्लेइंग खेळांतला फार जुना प्रश्न आहे. 1999 साली सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये नागाफेन आणि व्हॉक्स या ड्रॅगनांवर अनेक खेळाडूंना मिळून चाल करावी लागे, आणि तेथील गिल्डांनी स्वतःच हजेरीचे पॉइंट मांडायला सुरुवात केली. ‘ड्रॅगन किल पॉइंट’ हे नाव तिथूनच पडले. खेळ बनवणाऱ्यांनी नव्हे, तर खेळणाऱ्यांनी वहीत घातलेला हा हिशेब पुढे जगभरच्या गिल्डांत गेला, आणि आपल्या खेळातील गिल्ड-खातेही त्याच धर्तीवर बेतलेले आहे. या पद्धतीत कालांतराने एक अडचण हमखास येते. जुन्या सभासदांकडे इतके पॉइंट साचतात की बोली लागली की वस्तू त्यांच्याकडेच जाते, आणि नुकत्याच आलेल्या खेळाडूने कितीही मोहिमा केल्या तरी त्याच्या हाती काही लागत नाही. असा खेळाडू काही आठवड्यांत गिल्ड सोडतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

म्हणून बोलीऐवजी आता गुणोत्तराची पद्धत येत आहे. प्रत्येक सभासदाची गिल्डमध्ये दोन खाती असतील. एक ‘श्रम’, ज्यात मोहिमेला हजर राहिल्याचे पॉइंट जमा होतील. दुसरे ‘उचल’, ज्यात घेतलेल्या वस्तूंची किंमत चढेल. श्रमाला उचलीने भागले की आपला क्रम ठरतो, आणि ज्याचे गुणोत्तर मोठे त्याला वस्तू आधी विचारली जाते. समजा, एका जुन्या सभासदाचे श्रम 900 आणि उचल 600 आहे. त्याचे गुणोत्तर 1.5 झाले. दुसऱ्या, तुलनेने नव्या सभासदाचे श्रम 300 आणि उचल 150 आहे. त्याचे गुणोत्तर 2 होते. पहिली वस्तू दुसऱ्याला मिळेल. ती 150 पॉइंटची असेल, तर त्याची उचल 300 होऊन गुणोत्तर 1 वर येईल, आणि पुढची वस्तू पहिल्याला विचारली जाईल. म्हणजे जुन्या सभासदाला डावलले जात नाही, पण त्याने आजवर जे घेतले आहे तेही हिशेबात धरले जाते. उचल कधीच 100 च्या खाली धरली जाणार नाही, जेणेकरून एकाच मोहिमेला आलेला खेळाडू एकदम सर्वांच्या पुढे जाऊ नये.

दर आठवड्याला दोन्ही खात्यांतून 10 टक्के वजा होतील. हे वाचून काळजी वाटणे साहजिक आहे, पण दोन्ही खाती सारख्याच प्रमाणात घटत असल्याने आपले गुणोत्तर त्यामुळे बदलत नाही (उचल 100 वर आलेल्या सभासदाचा अपवाद वगळता). बदलते ते इतकेच की नव्या मोहिमेतील श्रमाला जुन्या श्रमापेक्षा थोडे अधिक वजन येते. ही घट फक्त गिल्डच्या वहीतली आहे. आपल्या स्वतःच्या खात्यातील रिवॉर्ड पॉइंटला ती लागू नाही. जुन्या गिल्ड-खात्यातील नोंदी श्रम आणि उचलीत कशा बदलल्या, याचा तक्ता प्रत्येक गिल्डप्रमुखाला हंगाम सुरू होण्यापूर्वी मिळेल. एखाद्या गिल्डला जुनीच पद्धत हवी असल्यास सभासदांच्या बहुमताने ती ठेवता येईल.

जकात आणि देखभाल

पॉइंटची आवक जितकी, तितकी जावक नसेल, तर बाजारपेठेतले भाव चढत जातात. घोड्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे : जुन्या खेळाडूंकडे पॉइंट पडून असल्याने ते सांगेल तो भाव देतात, आणि नव्या खेळाडूला घोडा परवडेनासा होतो. त्यामुळे खेळाडूंमधील प्रत्येक खरेदी-विक्रीवर 2 टक्के जकात लागेल आणि ती विक्रेत्याच्या रकमेतून वजा होईल. जकातीचे पॉइंट आमच्याकडे येत नाहीत. ते खेळातून कायमचे नाहीसे होतात. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ने 2021 साली आपल्या बाजारपेठेत 1 टक्का कर लावला तोही याच हेतूने, आणि त्या करातून काही वस्तू विकत घेऊन त्या खेळातून काढून टाकण्याची सोयही केली. 100 पॉइंटपर्यंतच्या व्यवहाराला आपल्याकडे जकात माफ आहे. होडी आणि घोडा यांची देखभाल फी फक्त त्या हंगामात त्यांचा वापर झाला तरच लागेल.

पैसे, पालक आणि तक्रारी

रिवॉर्ड पॉइंट रुपये देऊन विकत मिळत नाहीत आणि त्यांचे रुपये होत नाहीत. मासिक वर्गणी भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला पॉइंट एकाच दराने मिळतात. वर्गणीतून मिळतात ती पात्राची जादा घरे, कपडे आणि संग्रह ठेवण्याची जागा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली आहे, आणि पैशात बदलता येणारी नाणी किंवा टोकनही त्यात पणाला लावलेली रक्कम म्हणून धरली आहेत. त्यामुळे खेळाबाहेर कोणी आपल्याला यूपीआयने पैसे घेऊन पॉइंट देऊ करत असेल, तर तो व्यवहार करू नये आणि आम्हाला कळवावे. अशा व्यवहारात गुंतलेली दोन्ही खाती बंद केली जातात.

मॅक्रोच्या संशयावरून कोणाचेही खाते आपोआप बंद होणार नाही. आधी खेळातच एक साधा प्रश्न विचारला जाईल; त्याला उत्तर न मिळाल्यास त्या फेऱ्याचे पॉइंट रोखून ठेवले जातील, आणि आमच्यापैकी एकजण नोंदी स्वतः वाचून निर्णय घेईल. जे खेळाडू दृष्टिदोषामुळे स्क्रीन रीडर वापरतात किंवा हातांच्या त्रासामुळे आज्ञांचे शॉर्टकट वापरतात, त्यांनी मदत खिडकीत एकदा तशी नोंद करावी; त्यांना हा प्रश्न विचारला जाणार नाही.

नव्या हंगामात ‘खाते’ अशी आज्ञा लिहिल्यावर मागील तीस दिवसांतील प्रत्येक जमा आणि खर्च तारखेसह दिसेल : कोणत्या फेऱ्याचे किती, कोणत्या दादेचे किती, विसाव्यातून किती, जकातीत किती गेले. एखादी नोंद चुकीची वाटल्यास तिच्यापुढील क्रमांक ‘तक्रार’ या आज्ञेनंतर लिहून पाठवावा. तक्रार निकाली निघेपर्यंत त्या नोंदीचे पॉइंट आपल्याला वापरता येतील, आणि निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी आधीच खर्च झालेले पॉइंट आम्ही वसूल करणार नाही.

दरांचे आकडे पहिल्या हंगामाच्या मध्यावर पुन्हा तपासले जातील. त्यात बदल करायचा झाल्यास तो किमान पंधरा दिवस आधी बाजारपेठेतील दवंडीच्या फलकावर लावला जाईल, आणि हंगाम चालू असताना कोणताही दर खाली आणला जाणार नाही.