गॅरामाँड इटालिक

गॅरामाँड इटालिक म्हणजे गॅरामाँड या जुन्या सेरिफ (टोकांना बारीक रेघा असलेल्या) टाइपफेसची, म्हणजे अक्षरवळणाची, तिरकी अक्षरं, असं साधारण सांगतात, पण तिरकेपणा हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. सरळ अक्षर उजवीकडे कलंडवून इटालिक होत नाही, ते वेगळ्याच हस्ताक्षरातून आलंय. आणि ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं त्या क्लोद गारामाँचं इटालिक आज फारसं कुणी वापरत नाही, आपण वापरतो ते बऱ्याचदा त्याच्याच काळातल्या रोबेर ग्रांजाँचं असतं.

सुरुवात व्हेनिसमध्ये झाली. तिथला प्रकाशक आल्दुस मानुतिउस याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोनं तेव्हाच्या विद्वानांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून पंच, म्हणजे अक्षरांचे साचे करायचे पोलादी ठसे, कोरले आणि १५०१ साली व्हर्जिलच्या कवितांचं हातात मावेल असं छोटं पुस्तक अख्खंच्या अख्खं या अक्षरात छापलं. तेव्हा इटालिक स्वतंत्र होतं, पूर्ण पुस्तक त्यात निघायचं, आणि कॅपिटल अक्षरं मात्र सरळच उभी असायची. ती तिरकी नंतर झाली.

गारामाँ पॅरिसचा अक्षरं कोरणारा, १५६१ साली वारला. त्यानं इटालिकही कोरलं होतं, पण त्याचा खरा हात सरळ अक्षरात, म्हणजे रोमनमध्ये. इटालिकमध्ये त्याच काळात ग्रांजाँ सगळ्यांच्या पुढे निघून गेला. पॅरिस, लियों, अँटवर्प, रोम असा फिरत फिरत काम करणारा हा माणूस, त्याच्या इटालिकमध्ये जी लय आहे ती आजही बघत बसावी अशी. १५९२ साली फ्रँकफर्टच्या एगेनोल्फ-बेर्नर फाउंड्रीनं, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यानं, नमुन्याचा एक कागद छापला, त्यात गारामाँचं रोमन आणि ग्रांजाँचं इटालिक शेजारीशेजारी दिसतं, आणि विसाव्या शतकात जुनी अक्षरं परत आणणाऱ्यांना हा कागद फार उपयोगी पडला, त्यामुळे ही जोडी पक्की झाली.

मधे एक मोठा घोळही झाला. झाँ जानों नावाच्या सतराव्या शतकातल्या छपाईवाल्याची अक्षरं फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात गारामाँची म्हणून ओळखली जात होती, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे बरेच 'गॅरामाँड' त्यावरून बनले, मोनोटाइप कंपनीचा १९२२चा सुद्धा. १९२६ साली छपाईच्या अक्षरांची अभ्यासक बिअट्रिस वॉर्ड हिनं पॉल बोझों या टोपणनावानं लेख लिहून हे उघड केलं. नावं मात्र तशीच राहिली, म्हणून एकाच नावाचे दोन गॅरामाँड शेजारी ठेवले की वेगळे दिसतात.

आता अक्षरं जवळून बघा. रोमनमधला छोटा 'ए' वर छत असलेला, दोन मजली, इटालिकमध्ये तो एका मजल्याचा होतो, हातानं लिहितो तसा. 'एफ' ओळीखाली उतरतो आणि वरही पुढे झुकतो. जुन्या वळणाच्या 'एच'चा उजवा पाय आत वळतो, इतका की सवय नसेल तर 'बी' वाटावा. 'आणि'चं चिन्ह, अँपरसँड, यात तर लॅटिन 'एत'मधली 'ई' आणि 'टी' सरळ दिसतात, हा माझ्या मते अख्ख्या फाँटमधला सगळ्यात सुंदर आकार. काही कॅपिटलना लांब शेपट्या असलेली जादा रूपं असतात, ती शब्दाच्या सुरुवातीला शोभतात, सगळा शब्द त्यात लावला की वाचवत नाही.

'एफ'नं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्यांना फार छळलं. त्याचं टोक खिळ्याच्या बाहेर यायचं, शेजारच्या अक्षरावर आदळून तुटायचं, म्हणून 'एफ-आय', 'एफ-एल' असे जोडखिळे वापरायचे. पुढे अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या लायनोटाइप मशीनवर एकाच साच्यावर रोमन आणि इटालिक दोन्ही असायचे, दोघांची रुंदी सारखी ठेवावी लागायची, आणि टोक बाहेर काढता येत नसल्यानं 'एफ' अगदी आखडून गेला. यान चिखोल्डनं १९६७च्या सबोन या आपल्या टाइपफेसमध्ये ही रुंदीची अट सांभाळून केलेलं इटालिक म्हणून खास आहे, कारण मुळात इटालिक रोमनपेक्षा अरुंद असतं.

वापर म्हणाल तर पुस्तकांची, जहाजांची नावं, परभाषेतले शब्द, जीवशास्त्रातली प्रजातींची नावं, गणितातली चल अक्षरं, आणि वाक्यात एखाद्या शब्दावर जोर. बोल्डसारखं ते पानात डोळ्यात खुपत नाही, वाचता वाचता शब्द आला की कळतं, हेच त्याचं बळ. इटालिक परिच्छेदात जोर द्यायचा तर तो शब्द उलट रोमनमध्ये ठेवतात. पानंच्या पानं इटालिक लावलं तर मात्र डोळे थकतात, कविता किंवा छोटी प्रस्तावना ठीक.

आजच्या फाँटांमध्ये रॉबर्ट स्लिमबाखचा १९८९चा अडोबी गॅरामाँड आणि फुकट मिळणारा ईबी गॅरामाँड, दोन्हींचं इटालिक ग्रांजाँवरून घेतलेलं. मात्र इटालिकची फाइल नसेल तर बरेच प्रोग्रॅम रोमनलाच वाकवून दाखवतात, आणि मग छोटा 'ए' तिरका असूनही दोन मजलीच दिसतो.