वेब फीड (वृत्तपत्रांचे)

वेब फीड : संकेतस्थळावर नवी बातमी चढली की तिचे शीर्षक, दुवा, वेळ आणि थोडा मजकूर एका ठरलेल्या साच्याच्या फाइलीत आपोआप नोंदला जातो. वाचकाचे ॲप ती फाइल अधूनमधून तपासते आणि नवे असेल तेवढे उचलते. ही फाइल म्हणजे फीड. तिच्या सर्वांत रुळलेल्या साच्याचे नाव आरएसएस. पण हे नाव सोलापुरात उच्चारले की ऐकणाऱ्याला भलतीच संघटना आठवते, म्हणून नुसते फीड म्हटलेले बरे.

नेटस्केप कंपनीने हा साचा मार्च १९९९ मध्ये आणला. आरएसएस २.० सप्टेंबर २००२ मध्ये आले, तर ॲटम हा दुसरा साचा डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झाला. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर ही फीड वाचायची सेवा बंद पडली तेव्हा फीडचा जमाना संपला असे अनेकांनी धरले. प्रत्यक्षात पॉडकास्ट आजही फीडवरच पोहोचतात.

वृत्तपत्रांना फीडसाठी राजी करताना सोलापूरसारख्या जिल्ह्यात सोयीचा मुद्दा तालुक्यांचा आहे. जिल्ह्यात ११ तालुके. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला अक्कलकोटची नगरपालिका नको असते आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या बार्शीकराला फक्त बार्शी हवी असते. तालुक्यागणिक वेगळे फीड ठेवले की ज्याचा गठ्ठा त्याच्या दारात पडतो. शिवाय बरीच छोटी न्यूज पोर्टल वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवायच्या तयार प्रणालीवर चालतात, आणि तिथे पत्त्यापुढे ‘/feed’ जोडले की फाइल तयारच असते. प्रत्येक वर्गवारीचीही वेगळी मिळते. अशा मालकाला नवे काही उभारायचे नसते. आहे ते बंद करू नका आणि वाचकाला दिसेल असे ठेवा, एवढेच त्याला सांगायचे असते.

‘मग बातमी फुकट वाटायची का?’ हा मालकांचा नेहमीचा सवाल. तो अगदीच बिनबुडाचा नाही : पूर्ण मजकूर दिला तर दुसरे पोर्टल तो जसाच्या तसा उचलू शकते आणि जाहिरातदाराला दाखवायचा वाचकांचा आकडाही घटतो. त्यावर उपाय म्हणजे फीडमध्ये सारांशच द्यायचा. वर्डप्रेसमध्ये ती सोय आहे. छापील पानाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा वाचक संकेतस्थळाकडे फिरकतही नाही. फीडमधला दुवा त्याला निदान दारापर्यंत आणतो.

अडचण जास्त करून तपशिलात येते. उजनी धरणाची बातमी घ्या. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातले निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोजले जाते. टक्केवारी त्यावरच्या उपयुक्त पाण्याची काढतात, म्हणून उन्हाळ्यात ती शून्याखाली जाते आणि ‘उजनी वजा’ हा मथळा सोलापूरकराला पाठ असतो. फीडमध्ये अशा प्रत्येक बातमीला एक कायमची ओळख देतात. डेस्कने दुपारी मथळा दुरुस्त केला तरी ती ओळख तीच राहिली पाहिजे. ती बदलली तर ॲपला बातमी नवी वाटते आणि एकाच दिवशी उजनी दोनदा वजा होते. वेळेचेही तसेच. घड्याळ भारतीय आणि शिक्का ग्रिनिचचा असा घोळ झाला की सकाळी दहाची बातमी दुपारी साडेतीनची ठरते, म्हणजे अजून घडायची असते.

त्याहून चिवट प्रश्न फाँटचा. छपाईसाठी श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत जुळवलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा सर्वमान्य संकेतांत, नसतो. तो तसाच चिकटवला की संकेतस्थळावर त्या फाँटच्या आधाराने मराठी दिसते, फीडमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांची भेळ उतरते. तिथे आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार माणसाने डोळ्यांखालून घालावे लागतात. ज्यांचे ई-पेपर म्हणजे पानांची नुसती चित्रे आहेत, त्यांना फीडआधी बातम्या सुट्या करून टाकायची सवय लावावी लागते.