राज्य माहिती आयोगाच्या खर्चाचा प्रश्न : पार्श्वभूमी

माहिती अधिकारातली दुसरी अपिले आणि तक्रारी ऐकणाऱ्या राज्य माहिती आयोगाला आणखी आयुक्त द्यायचे का, यावर बोलणे सुरू झाले की आस्थापना खर्चाचा मुद्दा पुढे येतो. आयुक्ताचे वेतन, लघुलेखक, कक्ष अधिकारी, कार्यालयाची जागा, गाडी. हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला तेव्हाही तो होता, फक्त त्या वेळी त्याला बगल देता आली.

राज्याचा तो कायदा २३ सप्टेंबर २००२पासून लागू मानला जातो. राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला मात्र ऑगस्ट २००३ उजाडले, आणि त्यासाठी आझाद मैदानात उपोषण करावे लागले. विलंबाच्या प्रत्येक दिवसाला २५० रुपये दंड ही तरतूद त्यात होती. पुढे देशाच्या कायद्यातही दंडाचा हाच दर आला. अर्जदाराचे पहिले अपील खात्यातल्याच वरिष्ठाकडे जाई आणि दुसरे लोकायुक्त किंवा उपलोकायुक्तांकडे. लोकायुक्तांचे कार्यालय राज्यात १९७२पासून होते. त्यांची खुर्ची, कर्मचारी, जागा सगळे तयार होते. म्हणजे गाऱ्हाणे ऐकणारी नवी यंत्रणा उभारण्याचा खर्च जवळजवळ शून्य.

त्या वेळी ते शहाणपणाचेच होते. किती लोक अर्ज करतील, कितीजण दुसऱ्या अपिलापर्यंत येतील, याचा कुणालाच अंदाज नव्हता. पण या सोयीमुळे एक सवय लागली. माहितीची अपिले हे दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर उरलेल्या वेळात करायचे काम आहे, अशी. ती सवय पुढच्या वीस वर्षांत पुरती गेलेली नाही.

१२ ऑक्टोबर २००५ला केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि ही वाट बंद झाली. कलम १५नुसार प्रत्येक राज्यात स्वतंत्र आयोग आवश्यक ठरला : एक मुख्य आयुक्त आणि गरजेनुसार जास्तीत जास्त दहा आयुक्त. कायदा संसदेचा, खर्च मात्र राज्याचा. आयोगाने कुणाच्याही आदेशाखाली न येता काम करावे असे कलम १५(४) सांगते, आणि त्याला लागणारे अधिकारी-कर्मचारी राज्य शासनाने पुरवावेत असे कलम १६(६). या दोन कलमांमधल्या फटीत आयोगाचे बरेचसे दुखणे आहे. राज्य लोकसेवा आयोगाचा खर्च राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२२प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो, म्हणजे त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. माहिती आयोगाला कायद्याने असे कवच दिलेले नाही. ज्या शासनाची खाती रोज आयोगापुढे उत्तर द्यायला उभी असतात, त्याच शासनाकडे आयोगाला लघुलेखक मागावा लागतो.

महाराष्ट्राने खंडपीठांची रचना स्वीकारली, आणि खर्चाच्या दृष्टीने हा मोठा निर्णय होता. मुख्यालय मुंबईत, शिवाय बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नागपूर आणि अमरावती अशी खंडपीठे. सगळे आयुक्त एकाच इमारतीत बसवले असते तर भाडे आणि कर्मचारी वाचले असते यात शंका नाही. पण मग गडचिरोलीचा अर्जदार वीस रुपयांच्या अपिलासाठी मुंबईची गाडी पकडून आला असता. म्हणजे खर्च वाचला नसता, तो राज्याच्या तिजोरीतून उचलून अर्जदाराच्या खिशावर टाकला गेला असता. खंडपीठे केली हे योग्यच झाले. खुर्च्या वेळेवर भरल्या गेल्या नाहीत, हा त्यातला दोष.

उत्पन्नाची बाजू नावापुरती आहे. राज्याच्या २००५च्या नियमांप्रमाणे अर्जाला १० रुपये, पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला प्रत्येकी २० रुपये, छायाप्रतीला पानामागे २ रुपये. दंडाची कमाल मर्यादा २५ हजार, आणि ती रक्कमही आयोगाच्या हाती राहत नाही. ही यंत्रणा स्वतःच्या शुल्कावर चालावी अशी अपेक्षा कधीच नव्हती.

आता ‘तक्रार’ या शब्दाकडे. खर्चाच्या चर्चेत तो क्वचितच येतो, पण आयोगाकडे साचणाऱ्या कागदांचा एक भाग याच शब्दाच्या गोंधळातून येतो.

मराठीत तक्रार म्हणजे कुठलेही गाऱ्हाणे. माहिती मिळाली नाही की माणूस म्हणतो, आयोगाकडे तक्रार केली. कायद्यात मात्र दोन वेगळ्या वाटा आहेत. कलम १८ची तक्रार आणि कलम १९(३)चे द्वितीय अपील. तक्रारीची कारणे कलम १८ने मोजून दिली आहेत : जन माहिती अधिकारीच (अर्जाला उत्तर देणारा खात्यातला अधिकारी) नेमलेला नाही, माहिती नाकारली, मुदतीत उत्तर दिले नाही, अवाजवी शुल्क मागितले, अपुरी, दिशाभूल करणारी किंवा खोटी माहिती दिली, आणि शेवटी इतर कोणतीही बाब. ही यादी वाचणाऱ्या सामान्य माणसाला वाटणारच की आपले प्रकरण इथेच बसते. उत्तर आले नाही, म्हणून तक्रार. तक्रारीला शुल्कही नाही. राज्याच्या नियमांत अर्जासाठी जोडपत्र ‘अ’, पहिल्या अपिलासाठी ‘ब’ आणि दुसऱ्यासाठी ‘क’ आहे. तक्रारीसाठी ठरावीक नमुना नसल्याने ती साध्या कागदावर लिहिता येते. पहिल्या अपिलाची पायरीही चढावी लागत नाही. वाट सोपी दिसते, म्हणून माणसे तिच्याने जातात.

१२ डिसेंबर २०११ला सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात निकाल दिला की कलम १८खालच्या तक्रारीत आयोगाला माहिती देण्याचा आदेश काढता येत नाही. दंड करता येतो, शिस्तभंगाची शिफारस करता येते. माहिती हवी असेल तर कलम १९च्याच वाटेने यावे लागेल. कायद्याच्या शब्दांकडे पाहिले तर निकाल तर्कशुद्ध आहे. पण त्याची किंमत कुणी मोजली? एखादा निवृत्त शिक्षक आपल्या सेवापुस्तकाच्या नकलेसाठी तक्रार करतो. सुनावणीची वाट पाहतो. नंबर लागतो तेव्हा त्याला कळते की अधिकाऱ्याला फार तर दंड होईल, नक्कल मिळणार नाही. मग तो नव्याने अर्ज करतो, पहिले अपील, दुसरे अपील. एकाच कागदासाठी आयोगात दोन नस्त्या (फायली) उघडतात, दोन नोटिसा निघतात, दोन सुनावण्या होतात. आयोगापुढच्या प्रलंबित प्रकरणांचे आकडे अपिले आणि तक्रारी मिळून सांगितले जातात, तेव्हा त्यात ही दुहेरी प्रकरणेही आलीच. दाखल करून घेतानाच अर्जदाराला दोन वाटांमधला फरक मराठीत समजावून सांगणारा एक कर्मचारी प्रत्येक खंडपीठात बसवला, तर तो खर्च लवकर वसूल होईल असे माझे ठाम मत आहे.

सप्टेंबर २०१२मध्ये आणखी एक वळण आले. सर्वोच्च न्यायालयाने आयोगांनी दोन-दोन सदस्यांच्या पीठांत बसावे आणि त्यातला एक न्यायिक सदस्य असावा, असे सांगितले. तसे झाले असते तर तेवढ्याच प्रकरणांना दुप्पट आयुक्त लागले असते. काही आयोगांच्या सुनावण्याच थांबल्या. ३ सप्टेंबर २०१३ला पुनर्विलोकनात न्यायालयाने हा आदेश मागे घेतला.

वेतनाचा प्रश्न २०१९मध्ये बदलला. मूळ कायद्यात राज्याच्या मुख्य आयुक्ताचे वेतन निवडणूक आयुक्ताइतके आणि इतर आयुक्तांचे मुख्य सचिवाइतके होते, मुदत पाच वर्षे. दुरुस्तीने हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. २४ ऑक्टोबर २०१९पासून लागू झालेल्या नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली आणि राज्यातल्या मुख्य आयुक्तासह सर्व आयुक्तांचे वेतन महिना २ लाख २५ हजार ठरवले. पैसे द्यायचे राज्याने, किती आणि किती वर्षे हे सांगायचे दिल्लीने. राज्याच्या आयोगाबाबत हे न पटण्याजोगे आहे. शिवाय मुदत आखडल्यामुळे जाहिरात, छाननी, निवड समितीची बैठक हे सगळे पूर्वीपेक्षा लवकर लवकर करावे लागते, आणि प्रत्येक वेळी खुर्ची रिकामी राहण्याचा धोका असतो.

त्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा स्वतंत्र विचार केला होता. चाळीस हजारांवर प्रकरणे पडून असताना मुख्य आयुक्त आणि दहा आयुक्त असणे योग्य होईल, असे न्यायालयाने म्हटले. ऑक्टोबर २०२३मध्ये विषय पुन्हा न्यायालयापुढे आला तेव्हा राज्यात मुख्य आयुक्त नव्हता, चारच आयुक्त कामावर होते आणि प्रलंबित प्रकरणे १ लाख १५ हजारांच्या पुढे गेली होती.

थोडे गणित करू. एका आयुक्ताचे वेतन वर्षाला २७ लाख रुपये. केंद्रीय आयोगाने स्वतःसाठी आयुक्तामागे वर्षाला ३,२०० प्रकरणांचे प्रमाण ठरवले होते. ते धरले तर एका प्रकरणामागे आयुक्ताच्या वेतनाचा वाटा साडेआठशे रुपयांच्या आत येतो. भत्ते, कर्मचारी, जागा यांचा खर्च वेगळा, पण रिकाम्या खंडपीठातही जागा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च चालूच असतो. चार आयुक्तांनी हे प्रमाण पाळले तर साचलेलीच प्रकरणे संपायला नऊ वर्षे, तीही नवे एकही अपील आले नाही तर. अकरा जण असते तर सव्वातीन वर्षे. आणि त्या नऊ वर्षांत जुनी नस्ती गहाळ झाली, माहिती अधिकारी निवृत्त झाला, तर दंड कुणाकडून वसूल करायचा?

जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदांबद्दल राज्यांना पुन्हा विचारणा केली. फेब्रुवारीत महाराष्ट्रात मुख्य आयुक्ताची आणि आणखी आयुक्तांची नेमणूक झाली. तीन वर्षांची मुदत धरली आणि वयाची ६५ वर्षांची अट आधी आड आली नाही, तर नव्याने आलेल्यांच्या खुर्च्या २०२८च्या सुरुवातीला रिकाम्या होतील. पद रिकामे होण्याच्या एक-दोन महिने आधीच भरतीची प्रक्रिया सुरू व्हावी, असे २०१९च्या निकालात लिहिलेले आहे. तीन पायऱ्यांची ही निवड तेवढ्यात आटोपणे अवघड आहे, त्यामुळे जाहिरात २०२७च्या दिवाळीआधी निघायला हवी.