सूज उतरते कशी?

पायात बाभळीचा काटा मोडला की काही तासांत तिथे लाल, गरम, ठणकणारी सूज येते. ती का येते हे बहुतेकांना ठाऊक असतं. उतरते कशी, हा प्रश्न जास्त मजेशीर आहे.

काट्याबरोबर आत गेलेल्या जिवाणूंची चाहूल लागताच मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते आजूबाजूच्या पेशींवरच्या ग्राहींना चिकटतं. या पेशींत एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन आधीपासून तयार असतं, फक्त आय-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाने त्याला जखडलेलं असतं. (नावं किचकट आहेत खरी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना १९८६ मध्ये एनएफ-कप्पा-बी अँटिबॉडीच्या कप्पा साखळीच्या जनुकाशी सापडलं, म्हणून हे नाव.) टीएनएफचा निरोप पोचला की आयकेके हे विकर आय-कप्पा-बीच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसवतं. ही खूण म्हणजे मोडीत काढायची चिठ्ठीच. प्रोटिओसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, काही मिनिटांत त्याचे तुकडे करतं.

मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि डीएनएवरच्या दहाएक अक्षरांच्या जागी बसून जनुकं चालू करतं: ताप आणणारं आयएल-६, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारं आयएल-८. गंमत म्हणजे त्याच यादीत आय-कप्पा-बीचंही जनुक असतं! तासाभरात ताजं आय-कप्पा-बी केंद्रकात येतं आणि एनएफ-कप्पा-बीला डीएनएवरून उचलून बाहेर नेतं. टीएनएफ अजून असेल, तर पुन्हा पहिल्यापासून. प्रयोगशाळेतल्या पेशींत ही ये-जा साधारण १०० मिनिटांच्या फेऱ्यांत चालताना दिसते.

ए-२० या प्रथिनाचा दुसरा ब्रेकही एनएफ-कप्पा-बीच चालू करतं. ए-२० च्या जनुकाची एक प्रत जरी बिघडली, तरी लहानपणापासून तोंडात वारंवार व्रण येतात, ताप येतो.

जनुक बंद झालं तरी आधी निघालेल्या एमआरएनए प्रती (प्रथिन बनवायचे निरोप) उरतातच. टीएनएफच्या प्रतींना ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचं प्रथिन चिकटतं आणि त्या लवकर नष्ट होतात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे सांधे सुजतात, वजन घटतं.

डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स एनएफ-कप्पा-बीचं काम दाबतात आणि दाह शमवणारी जनुकं चालू करतात. नवी प्रथिनं बनायला वेळ लागतो, म्हणून परिणाम दिसायला काही तास जातात. पण हीच दाबादाबी जंतूंच्याही पथ्यावर पडते. २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन १० दिवसांपर्यंत दिलं, तेव्हा ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही.