पारा शून्यावर नसतानाही जमणारे हिमकण

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे गवत पांढरे झाले, की 'दवबिंदू गोठले' ही बातमी पुण्यात पोहोचते, आणि त्याच बातमीत किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर दिलेले असते. शून्य अंशाला पाणी गोठते हे शाळेत शिकलेल्या वाचकाला ही विसंगती वाटते. तिचा उलगडा तापमान कोठे मोजले, या प्रश्नात आहे.

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे 1.2 मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत असतो. गवताचे पाते मात्र उघड्यावर असते आणि रात्रभर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडत राहते. ढग असते तर त्यातील काही उष्णता परत आली असती, वारा असता तर वरची उबदार हवा खाली मिसळली असती. निरभ्र, निवांत रात्री दोन्ही नसल्यामुळे पाते भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. ते शून्याखाली गेले आणि लगतच्या हवेला बाष्प पेलवेनासे झाले, की ते बाष्प पाणी न होता थेट बर्फाचे स्फटिक बनते. आधी पडलेले दव गोठले तर त्याचे पारदर्शक मणी होतात. पिसांसारखी पांढरी नक्षी ही थेट बाष्पातून जमलेल्या हिमकणांची असते, त्यामुळे बातमीतला शब्दप्रयोग अर्धाच खरा आहे.

जमिनीलगतच्या या हवेच्या अभ्यासाशी पुण्याचे नाते जुने आहे. हवामान खात्याचा कृषी-हवामान विभाग येथे 1932 मध्ये सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी त्याची धुरा सांभाळली. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी नोंदवले, की शांत रात्री उघड्या मातीवर सर्वांत थंड हवा मातीला बिलगून नसते, तर एक-दोन विती वर असते. थंड, जड हवा उबदार हवेवर टिकतेच कशी, हा प्रश्न पुढे अनेक दशके संशोधकांना पडला होता. बुटक्या रोपांचे शेंडे नेमके याच उंचीवर येतात, म्हणून मला हा शोध विशेष मोलाचा वाटतो.

इशाऱ्याची मर्यादा शून्याच्या वर का ठेवतात, हे यावरून कळते. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा साधारणपणे 33 ते 36 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे अर्धा ते दोन अंश सेल्सिअस, अपेक्षित असताना हिमकणांची सूचना देते, तीही पिके वाढत असतानाच. आपल्याकडे असे इशारे मुख्यतः उत्तर भारतासाठी निघतात. सपाट प्रदेशात किमान तापमान 4 अंशांवर किंवा त्याखाली आले, की थंडीची लाट मानली जाते. पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी 1.7 अंश नोंदले गेले होते.

निफाडचे द्राक्ष बागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी देतात, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. मात्र मातीला ही ऊब साठवता यावी, यासाठी इशारा सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधी बागेपर्यंत पोहोचावा लागतो.