इकडे २.६ टक्के, तिकडेही २.६ टक्के

न्यू जर्सीतला भाचा दिवाळीला बेळगावात आला होता. बाजारात सडक्या कोबीचा ढीग बघून नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडं कचरा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही." रात्री जेवल्यावर त्यानेच मोबाइलवर आकडे काढले. भारताच्या एकूण हरितगृह वायूंत कचऱ्याचा वाटा सुमारे २.६ टक्के. अमेरिकेचाही तेवढाच. "म्हणजे मामा, दोघं सारखेच की!"

"काय बोलुलालास रे," म्हटलं, "टक्के कशाचे ते बघ आधी."

भारताचा २०२० सालचा एकूण आकडा २९६ कोटी टनांच्या आसपास आहे, सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून. त्यातला कचऱ्याचा भाग साडेसात कोटी टन. अमेरिकेची एकूण बेरीज ६०० कोटी टनांच्या वर, म्हणून तेवढ्याच टक्क्यांत तिथे सोळा-सतरा कोटी टन बसतात. आता डोकी मोजा. आपण जवळपास १४० कोटी, ते ३३ कोटी. आपल्याकडे माणशी वर्षाला ५४-५५ किलो, त्यांच्याकडे ५०० किलो. शंभरच्या पगारातले अडीच रुपये आणि हजाराच्या पगारातले पंचवीस रुपये सारखेच, असं आमच्या गल्लीत तरी कोणी म्हणणार नाही.

त्यात मापाचीही गोम आहे. कचरा कुजून निघणाऱ्या मिथेन वायूचा एक टन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या किती टनांच्या बरोबरीचा? भारताच्या त्या हिशेबात हा गुणक जुना, २१ चा. अमेरिका आता २८ ने गुणते. आपल्या मिथेनलाही २८ लावले, तर साडेसात कोटींचे साडेनऊ कोटींच्या आसपास होतात आणि माणशी आकडा ७० किलोच्या आगेमागे जातो. तरीही सातपटीचा फरक उरतोच.

पण भाच्याच्या डोक्यात खरा घोळ होता तो "कचरा" या शब्दाचा. अमेरिकेच्या खात्यात सर्वात मोठा वाटा जमिनीत पुरलेल्या घनकचऱ्याचा. आपल्या खात्यात मोठा वाटा घाण पाण्याचा: घरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. चिकोडी, अथणी, गोकाक, जिकडे जाल तिकडे साखर कारखाना, आणि डिस्टिलरी असेल तिथे स्पेंटवॉश, म्हणजे मळीपासून दारू-अल्कोहोल काढल्यावर उरणारं घाण पाणी. उघड्या खोल तळ्यात ते तपकिरी पाणी साठलं की तळाशी हवा पोचत नाही, जिवाणू आपलं काम करतात आणि वर बुडबुडे येतात. तोही कचऱ्याचाच वायू, पण कोबीच्या ढिगाकडे बघणाऱ्याच्या ध्यानात तो येत नाही.

आता ढिगाचं. खानापूर तालुक्यात आमच्या काकांचा उकिरडा आहे. शेण, पालापाचोळा, चुलीची राख. पेरणीआधी फावड्याने ढीग उपसला की आतून वाफ निघते, हात घातला तर चटका बसेल इतकी ऊब. ही ऊब हवेवर जगणाऱ्या जिवाणूंची. जिथे हवा खेळते तिथे कुजण्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो मुळात झाडाझुडपांनीच हवेतून घेतलेला असल्याने हिशेबात धरत नाहीत. मिथेन होतो तो हवा कोंडली की. गोबरगॅसच्या टाकीत आपण मुद्दाम तेच करतो.

भाच्याच्या गावचा न दिसणारा कचरा खोल खड्ड्यात थरावर थर दाबून, वर माती टाकून ठेवलेला असतो. दिसायला हिरवी टेकडी, आतून मोठी गोबरगॅसची टाकी. आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत कुजण्यातून किती मिथेन होईल यासाठी आणखी एक गुणक असतो, मघाच्या २१-२८ हून वेगळा. अशा बंदिस्त भरावाला तो १ लागतो, तर पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या, कुणी न सांभाळलेल्या ढिगाला ०.४. ढीग पाच मीटरच्या वर चढला की मात्र थेट ०.८, म्हणून शहरांच्या डोंगर झालेल्या कचरा डेपोंना ही सवलत मिळत नाही. मोठ्या भरावांत नळ्या घालून वायू ओढून जाळण्याची सक्ती अमेरिकेत १९९६ पासून आहे. पण नळ्या सगळा वायू ओढत नाहीत, उरलेला मातीतून निसटतो.

म्हणून घाणेरडं दिसणं आणि वायू सोडणं या दोन गोष्टी एकाच मापाने मोजायच्या नाहीत. माशा, दुर्गंधी, विहिरीत झिरपणारं पाणी, पेटलेल्या प्लास्टिकचा धूर यांचा त्रास आपल्याकडे जास्त आहे, आणि बेळगावच्या तुरमुरी कचरा डेपोजवळ राहणाऱ्याला माणशी ५४ किलो ऐकवून तो कमी होणार नाही. तो हिशेब वेगळा.

भाचा गप्प झाला, मग म्हणाला, "पण आमच्याकडं बराच कचरा जाळून वीज करतात की."

तीही एक गंमतच. जाळून वीज केली की त्या कचऱ्यातल्या प्लास्टिकचा धूर कचऱ्याच्या खात्यात येतच नाही, ऊर्जेच्या खात्यात जातो. कागदावर कचरा कमी, वीज जास्त. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९५६ साली घर होतं तिथेच होतं, चूलही तीच. रेघ सरकली आणि आमची नोंद दुसऱ्या दप्तरात गेली.